कोयत्याची मूठ

बाजारात कोयता घेताना माणसं पातं बघतात. धारेवर अंगठा आडवा फिरवतात, टिचकी मारून नाद ऐकतात, आणि 'पाट्याचा आहे ना?' म्हणून विचारतात. पाट्याचा म्हणजे ट्रकच्या जुन्या कमानपट्टीतून घडवलेला. ते पोलाद चिवट असतं, धार धरून ठेवतं आणि सुक्या लाकडावर बसलं तरी सहसा खपली उडत नाही. एवढी चौकशी झाली की पैसे देऊन लोक निघतात. मूठ कशी आहे हे कोणी विचारत नाही. ती असते, एवढंच.

आमचं आगर दापोली तालुक्यात, किनाऱ्याला लागून. माड, पोफळी, मध्ये जायफळं, बांधावर फणस आणि रातांबे. अशा ठिकाणी कोयता हे अवजार नसून जवळजवळ घरातलं माणूसच. नारळ सोलण्यापासून वईची काटेरी झुडपं तोडण्यापर्यंत सगळीकडे तोच लागतो. गड्यांच्या कमरेला मागे लाकडी आकडी बांधलेली असते आणि तिच्यात कोयता अडकवलेला. मी मात्र लग्न होऊन आले तेव्हापासून विळीवरची. आमच्या स्वयंपाकघरात मूठ हा प्रकारच नाही. विळी पायाखाली दाबायची, पातं जागेवर उभं राहतं आणि दोन्ही हात मोकळे. सासूबाई विळीवर सुरमईच्या तुकड्या करायच्या तेव्हा त्यांच्या हातांना फक्त मासा सांभाळायचा असे, पात्याची काळजी पायाला. पातं मुठीत धरून चालवायची सवय आमच्यातल्या बायकांना आगरात उतरल्यावरच लागते, तीही पुरुषांच्या हातांसाठी केलेल्या मुठीवर.

3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली, मंडणगडच्या आगरांचं काय झालं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माड मुळासकट उपटले गेले, पोफळी मधोमध मोडल्या. वर टाळेबंदी. बाहेरची माणसं येऊ शकत नव्हती, गावातली प्रत्येकाची स्वतःच्या घराची कौलं शोधत होती. वीज नसल्यामुळे चार्जिंगची करवतसुद्धा निरुपयोगी. वाट मोकळी करायची तर आडव्या पडलेल्या माडांच्या झावळ्या तोडायच्या, आणि ते काम घरातल्या सगळ्यांनी कोयते घेऊन केलं. मीही केलं. झावळीचा बुंध्याकडचा देठ जाड, ओला आणि तंतूंचा असतो. घाव सरळ बसला तर उतरतो, तिरका बसला तर पातं अडकतं आणि मूठ हातात फिरते.

फोड आले आणि गेले, त्याचं काही नव्हतं. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत उजव्या हाताची अनामिका सकाळी उठल्यावर वाकलेलीच राहू लागली. दुसऱ्या हाताने सरळ केली की कट् करून सुटायची. डॉक्टरांनी ट्रिगर फिंगर म्हणून सांगितलं. बोट वाकवणारी शीर (खरं तर स्नायूबंध) ज्या नळीसारख्या आवरणातून सरकते ते आवरण सुजून जाड होतं, मग शीर अडकते. आवळून धरण्याचं काम सारखं केलं की हा त्रास बळावतो. बोटाला पट्टी, गरज पडली तर सांध्यापाशी एक इंजेक्शन, आणि मुख्य म्हणजे मुठी आवळायचं काम कमी. आगर असलेल्या बाईला हा सल्ला देणं सोपं आहे. पण त्यातल्या 'आवळणं' या शब्दाने मला विचार करायला लावलं. काम थांबवता येत नसेल तर आवळणं कमी करता येईल का?

त्यासाठी आधी आवळावं का लागतं ते शोधायला हवं होतं. आमच्या कोयत्याची मूठ लेथवर कातलेली, म्हणजे गोल. जाडी अठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास, लांबी जेमतेम दहा सेंटीमीटर, शेवटी एक बोंडूक, पुढे लोखंडी शेंबी, आणि वरून चकचकीत व्हार्निश. दिसायला सुबक. कोयत्याचं पातं मात्र सरळ नसतं, टोकाकडे ते धारेच्या बाजूला वाकलेलं असतं. घाव बसतो तो बिंदू मुठीच्या रेषेत नसून तिच्या पुढे, बाजूला पडतो. घाव जरा तिरका गेला की पातं मुठीच्या रेषेभोवती फिरू पाहतं, आणि गोल मुठीला ते फिरणं अडवण्यासाठी हाताच्या आवळण्याशिवाय काहीच नसतं. म्हणून बोटं प्रत्येक घावाला जिवाच्या आकांताने आवळतात. कुऱ्हाडीचा दांडा कोणी गोल करत नाही, हातोडीचाही नाही. दोन्ही चपटगोल असतात. हात अंधारातसुद्धा धार कुठल्या बाजूला आहे ते सांगू शकतो. कोयत्याच्या बाबतीतच गोलाई कशी चालते?

उत्तर आमच्याकडे येणाऱ्या गड्यांच्या आकड्यांत मिळालं. जेवणाच्या सुट्टीत कोयते ओटीवर पडलेले असतात, तेव्हा मी एकेक उचलून बघू लागले. एकाही जुन्या कोयत्याची मूठ बाजारातून आली तशी नव्हती. एकाने दोन्ही गाल तासून चपटे केलेले. एकाने बोंडूक अर्धं उडवलेलं, कारण ते तळहाताच्या मध्यावर रुतत होतं. एकाने तांब्याची तार गुंडाळून ती ठोकून बसवलेली. सगळ्यात वयस्कर गड्याच्या कोयत्याची मूठ तर घामाने आणि वापराने काळीभोर होऊन झिजत झिजत अंडाकार झाली होती. त्याने हत्यार लावलंही नसेल, हातानेच ते काम केलं. त्याला विचारलं तर म्हणाला, 'वहिनी, नवी मूठ म्हणजे नुसतं लाकूड. ती आपली आपण करून घ्यायची असते.' म्हणजे कोकणातली पारंपरिक मूठ म्हणून आपण जी दुकानात बघतो ती अर्धीच असते. उरलेली अर्धी विकत घेणारा करतो. लेथ आणि व्हार्निश आल्यापासून ती पूर्ण झालेली दिसायला लागली, आणि आमच्यासारख्या नवख्यांनी तिला हात लावणं सोडून दिलं.

हात लावायचा पण कुठे, हे मात्र कोणाचं बघून कळत नाही. हात ज्याचा त्याचा. घरी गणपतीच्या कामातला गेरू होता. तो पाण्यात कालवून तळहाताला लावला, ओला असतानाच मूठ धरून ओल्या देठावर चार घाव घातले आणि सोडून दिली. मुठीवर जिथे गेरू चोळून पुसला गेला तिथे लाकूड हातात फिरत होतं. जिथे दाट थापला गेला तिथे दाब जास्त. बोंडकाच्या कडेवर गेरूचं वर्तुळ उमटलं होतं. शेंबीच्या धारेला अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्याची रेघ. मधल्या भागावर, जिथे खरी पकड हवी, तिथे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे माझा हात मुठीची दोन टोकं धरून लोंबकळत होता. पंधरा मिनिटांचा हा उद्योग, पण डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा त्यातून जास्त कळलं.

मापाचं गणित तसं अवघड नाही. हातात आवळून धरायच्या अवजाराची मूठ साधारण तीस ते चाळीस मिलिमीटर जाड असावी, असं या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात. त्याहून बारीक असेल तर बोटांची टोकं तळहातात रुततात आणि जोर वाया जातो. जाड असेल तर बोटं पुरत नाहीत. लांबी तळहाताच्या रुंदीहून जास्त हवी, शंभर मिलिमीटरच्या खाली तर नकोच, नाहीतर मुठीचं टोक नेमकं तळव्याच्या मध्यात दाबतं, जिथे नसा असतात. आमच्या मुठीची लांबी कागदावर दहा सेंटीमीटर होती खरी, पण पुढची शेंबी आणि मागचं बोंडूक वजा केल्यावर हाताला उरत होतं त्याच्या दोन तृतीयांश.

मोजपट्टीपेक्षा सुतळी बरी पडते. निरनिराळ्या जाडीच्या काठ्या, पाइपाचे तुकडे, लाटणं, जे सापडेल ते धरून बघायचं. ज्याच्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या मुळाशी टेकता टेकता राहतं ती आपली जाडी. तिच्याभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारायची. माझी गाठ साडेदहा सेंटीमीटरच्या जवळ आली.

आकारासाठी शाडूची माती वापरली. जुन्या मुठीवर ती थापली, घट्ट धरली, सोडली. चार बोटांचे चार खळगे झकास उमटले. अशा खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या मुठी हल्ली शहरातल्या दुकानांत दिसतात आणि बघताक्षणी त्या फार शहाण्या वाटतात. कोयत्याला त्यांचा उपयोग नाही. जाड देठ तोडताना आपण मूठ अगदी मागे धरतो, लांब झोक मिळावा म्हणून. नारळाला टोक काढताना हात पुढे, पात्याच्या जवळ येतो. कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडताना कुठेतरी मध्ये. प्रत्येक वेळी बोटं नव्या जागी बसतात, आणि मग खळग्यांमधले उंचवटे बोटांच्या सांध्याखाली येतात. शिवाय एका हाताचे खळगे दुसऱ्याच्या बोटांना लागत नाहीत. मी माती पुन्हा ओली करून खळगे बुजवले आणि फक्त तीन गोष्टी ठेवल्या: आडवा छेद अंड्यासारखा, त्याची लांब बाजू धारेच्या रेषेत, मध्ये तळहाताला भरेल असा हलका फुगवटा, आणि मागचं टोक धारेच्या बाजूला थोडं खाली उतरलेलं, करंगळी अडकण्यापुरतं. गोल बोंडूक गेलं.

ही माती घेऊन सुताराकडे गेले. त्याने ती फिरवून फिरवून बघितली.

'वहिनी, गोलच बरी नाही का? लेथवर लगेच निघते. हे सगळं हातानं तासायला लागणार.'

'मग हातानंच तासा.'

'पैसे मुठीचे नाही, पात्याएवढे होतील.'

'होऊ देत.'

लाकडावर थोडी चर्चा झाली. फणसाचं लाकूड तासायला लोण्यासारखं, रंगही सुरेख पिवळा, पण घावाच्या अवजाराला जरा मऊ. खैर टणक, पण जड, आणि घावाचा झटका जसाच्या तसा मनगटात पोचवतो. सुताराने धामण सुचवली. धामणीला लवचीकपणा असतो, कुऱ्हाडीच्या दांड्यांना आणि पूर्वी धनुष्यांनाही ती वापरत, झटका ती बराचसा स्वतः पिऊन टाकते. त्याच्याकडे छपराखाली वाळलेला तुकडा होता. ओलं लाकूड वापरायचंच नाही. पावसाळ्यात बसवलेली ओली मूठ मार्चपर्यंत आकसते आणि पातं खुळखुळायला लागतं.

जुनी मूठ काढायचं काम लोहाराचं. पात्याचा निमुळता भाग मुठीत आरपार गेलेला आणि मागे ठोकून बसवलेला होता. आमचा लोहार त्याला शेपूट म्हणतो. लाकूड फोडून काढता येतं, पण कधी शेपूट तापवून ते जाळून सैल करावं लागतं. अशा वेळी पात्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवतात, कारण उष्णता धारेपर्यंत गेली तर पाणी उतरतं आणि कोयता मऊ पडतो. एवढी काळजी घेणारा लोहार मिळाला तर त्याला धरून ठेवावं. आमच्या लोहाराने आणखी एक केलं, शेंबीची आतली-बाहेरची धार कानशीने गोल करून दिली. गेरूमधली ती बेचक्याची रेघ मी त्याला दाखवली नव्हती. त्याला विचारलं, तर म्हणाला, 'ती सगळ्यांनाच लागते, सांगत कोण नाय.'

भोक शेपटीपेक्षा किंचित लहान पाडायचं, शेपूट तापवून आत घालायची, ती स्वतःची जागा जाळून करते. मग काढून, राख झटकून, लाख वितळवून ओतायची आणि परत घट्ट ठोकायची. हल्ली बरेच जण दोन ट्यूबांचं मिसळायचं चिकट वापरतात. ते पक्कं बसतं, पण पुढे मूठ बदलायची झाली तर सगळी फोडावी लागते. लाख तापवली की सुटते. जी मूठ मी अजून सुधारणार आहे तिच्यासाठी लाखच बरी.

तासणं मी घरी केलं, ओटीवर बसून. सुताराने मोठा आकार काढून दिला होता, बारीक काम हाताला विचारत करायचं होतं. खरबरीत कानशीचे थोडे हात, मग अंगणात जाऊन ओल्या फांदीवर घाव, मग गेरू, मग परत कानस. गेरूचे डाग एकसारखे पसरायला लागले की समजायचं, जवळ आलो. शेवटी काचेच्या फुटक्या तुकड्याने खरवडलं. काच लाकडाची इतकी पातळ साल काढते की काचकागदाची फारशी गरज राहत नाही. फार गुळगुळीत मात्र करायचं नाही. आमच्याकडे हात कोरडा असतो कधी? पावसात पाण्याने, एरवी घामाने ओलाच. चकचकीत व्हार्निश ओल्या हातातून साबणासारखं सटकतं, आणि सटकू नये म्हणून आपण आणखी आवळतो. तेच तर टाळायचं होतं.

व्हार्निश नाही तर काय लावायचं, यावर घरात प्रत्येकाचं मत होतं. नवरा म्हणाला खोबरेल, घरचंच आहे. खोबरेल सुकत नाही, लाकडात चिकट राहतं आणि काही दिवसांनी वास मारतं. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल लाकूड टिकवतं खरं, पण कच्चं अंगाला लागलं तर फोड उठतात. मुठीला ते लावायचा विचारही नको. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून तेच पातळ हाताने चोळलं, पुसलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. त्या दोरीवर पसरून वाळवाव्यात.

दिरांनी त्यांच्या कोयत्याला सायकलची ट्यूब गुंडाळून घेतली आहे आणि त्यांना वाटतं, एवढा खटाटोप कशाला? ट्यूब पहिल्या दिवशी हाताला छान लागते. पण रबराखाली घाम आणि पावसाचं पाणी अडकून राहतं, लाकूड कुजतं, शेपूट गंजते, आणि एक दिवस पातं मूठ सोडून निघून जातं. कोयत्याचं पातं उडणं म्हणजे काय ते आगरातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय मऊपणाने आवळणं कमी होत नाही, फोड तेवढे कमी होतात. मुठीचा आकार बरोबर असेल तर ती कडक असूनही सुखाची वाटते.

फरक पडला का? पडला. नव्या मुठीने मी घाव घालताना हात सैल ठेवू शकते, करंगळी आणि अनामिका मागून नुसता झोक देतात, आणि पातं लागण्याच्या क्षणापुरतीच मूठ आवळली जाते. बोट अजून थंडीत कधीतरी अडकतं, पण सकाळी दुसऱ्या हाताने सोडवावं लागत नाही. डॉक्टरांचं श्रेय डॉक्टरांना. इंजेक्शन एकदा घेतलं होतं.

विद्यापीठातली मंडळीही या वाटेने गेली आहेत, आपल्याला त्यांची आठवण येत नाही एवढंच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आमच्या भागात भातकापणीला बरेच जण वापरतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने 'नवीन' नावाचा विळा काढला, त्याच्या मुठीला मुद्दाम बाक दिला आहे, कापताना बोटांची पेरं जमिनीवर घासू नयेत आणि मनगटाला त्रास होऊ नये म्हणून. मनगट वाकवण्यापेक्षा मूठ वाकवावी, हे तत्त्व. याच संस्थेने देशभरातल्या शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या हातापायांची मापं आणि ताकद मोजून 2009मध्ये ग्रंथरूपाने छापली. बायकांची मापं वेगळी मोजली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण ती मापं कोयत्याच्या मुठी कातणाऱ्या लेथपर्यंत पोचलेली नाहीत. तिथे अजून एकच माप आहे, आणि ते लेथवर पटकन निघणारं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना माझा कोयता आवडला असं समजून मी त्यांच्यासाठी तशीच मूठ करायला निघाले होते. त्यांनी सुतळीचं मापही दिलं. मग म्हणाल्या, 'कोयत्याला करा, कोयतीला नको हां.' त्या खराट्यासाठी झावळीच्या पातींमधून हीर काढतात. त्या कामात छोटी कोयती हातात सारखी फिरवावी लागते, धार एकदा आत, एकदा बाहेर, बोटांच्या चिमटीत गोल गोल. चपटगोल मूठ तिथे अडते. मी त्यांची कोयती घेऊन पाचसहा पाती सोलून पाहिल्या, त्यांचंच बरोबर होतं. तिची मूठ गोलच राहिली. फक्त व्हार्निश काचेने खरवडून जवसाचं तेल चोळून दिलं, आणि शेंबीची धार मोडून आणली.